लाल टोपी, केशरी टोपी

संपादक महोदय,

इन्शुलिनचा डोस चुकण्यावर तुमच्या अंकात आलेला लेख वाचला, पण त्यात सगळं खापर नर्सच्या बेफिकिरीवर फोडलंय ते काही पटलं नाही. मी बावीस वर्षं वॉर्डात काढलीत म्हणून सांगते. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक वेळा एका मिलीत 40 युनिटचं असतं आणि इन्शुलिन टोचायच्या पेनच्या कार्ट्रिजमधलं, म्हणजे आत बसवायच्या छोट्या नळीतलं, 100 चं, सिरिंजही दोन, लाल टोपीची 40 साठी, केशरी टोपीची 100 साठी. आता पेन बिघडलं आणि कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटच्या अंगात 10 नाही, 25 युनिट जातात. एकदा नाइट ड्युटीला एक आजी पहाटे घामाने थबथबलेल्या, हात थरथरतायत, मला सूनबाई समजून बोलतायत, शुगर बघितली तर पार खाली, 38! ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत चहा मागितला त्यांनी. घरून आणलेलं कार्ट्रिज, सिरिंज मात्र वॉर्डातली.

चूक आमची होतीच, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच देशांनी 100 युनिटचं एकच प्रमाण कधीच ठरवून टाकलंय, आपण अजून दोन का चालवतोय? पन्नास पेशंटमागे एक नर्स असताना टोपीच्या रंगावर जीव टांगून ठेवायचा, याला बेफिकिरी म्हणायचं तर ती नेमकी कुणाची हेही छापा की.

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर