आधी एक पावसाळा माझ्याकडे काढा

वाळपई, सत्तरी, गोवा
१३ एप्रिल २०२५

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर बाबा म्हणाले, "जागा बघितली. ओढ्याच्या, व्हाळाच्या काठाला आहे, मागे डोंगर, बाजूला सुपारीचं कुळागर. पर्वरीचा फ्लॅट काढून टाकू आणि तिथंच येऊन राहू." मी नुसतं "बघू" म्हटलं आणि विषय बदलला. ते तुम्हाला लागलं, हे मला कळलं. रात्री जेवताना बाबा गप्पच होते, असं आईनं सांगितलं. पण दोन मिनिटांत फोनवर बोलून संपवावी अशी ही गोष्ट नाही. समोर बसलो की बाबांचा उत्साह बघून माझ्या तोंडून नाही निघत नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे.

आधी मनातलं सांगते. तुम्ही इथं यावं असं मला तुमच्याहून जास्त वाटतं. तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे. गेल्या महिन्यात आले तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून ती थांबली, पिशवी खाली ठेवली, आणि मला म्हणाली, "तू हो पुढे, मी येते." आठवड्यातून दोनदा खाली उतरायचं, बाकी दिवस खिडकीत. आणि खिडकीही उघडता येत नाही, कारण उड्डाणपुलाच्या कामाची धूळ. बाल्कनीतल्या तुळशीची पानं आई ओल्या फडक्यानं पुसते, ते बघून मला भरून येतं. बाबांचा खोकलाही त्या धुळीनंच वाढलाय. तेव्हा तिथून निघायला हवं, यात माझं दुमत नाही.

पण बाबा, तुम्ही वाळपई पाहिलीत ती डिसेंबरात. पहाटे वाघेरीच्या अंगावर धुकं, दुपारी अंजुणे धरणाच्या बांधावरून चक्कर, एक दिवस ब्रह्मा करमळीला ब्रह्मदेवाचं दर्शन, रात्री अंगावर गोधडी. डिसेंबरात हे गाव कोणालाही आवडेल. मी इथं तीन वर्षं राहतेय, तीन पावसाळे काढलेत. राहायचं की नाही हे इथं पावसाळ्यात ठरतं.

पाऊस पर्वरीतही पडतो, पण तो समुद्राकडचा, हा सह्याद्रीच्या पायथ्याचा. ढग घाटाला अडतात आणि इथंच रिकामे होतात. गेल्या वर्षी वाळपईत दोनशे इंचांच्या वर पाऊस झाला. आकडा वाचताना काही वाटत नाही, घरात राहताना कळतो. जुलैत फरशीला घाम फुटतो. मीठ बरणीत पाणी होऊन बसतं, काडी पेटीसकट खिशात बाळगली तरच पेटते. टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमटच असतो. आईनं दिलेली जांभळी पैठणी एका लग्नासाठी काढली, तर पदराच्या घडीवर तळहाताएवढी पांढरी बुरशी. मी तिथंच पलंगावर बसून रडले होते. आई, तुला हे सांगितलं नव्हतं. आता कपाटात साठ वॅटचा बल्ब लावून ठेवते, चांगल्या साड्या पर्वरीला तुझ्याकडे ठेवते. पण बल्बलाही वीज लागते, आणि वारा सुटला, झाड तारांवर पडलं की ती रात्रभर नसते. धुळीनं खोकणाऱ्याला ही ओल मानवेल का, हे बाबांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मला त्याची सगळ्यात जास्त काळजी आहे.

आणि दुसरी काळजी बांबोळीची. बाबांच्या हृदयात स्टेंट आहे, हे मी एक दिवस विसरत नाही. पर्वरीहून मांडवीचा पूल ओलांडला की वीस मिनिटांत तुम्ही बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. इथून, रस्ता मोकळा असला तरी, सव्वा तास धरा. इथं सामाजिक आरोग्य केंद्र आहे, ताप-सर्दी, रक्तदाब, साखर, ईसीजी यासाठी पर्वरीपेक्षा इथंच लवकर काम होतं, डॉक्टर ओळखीचे होतात. पण हृदयाचं मोठं काही झालं तर बांबोळीच.

गेल्या जुलैची एक रात्र तुम्हाला सांगायची राहिली होती. आमच्या घरमालकांच्या वडिलांना रात्री दीडला छातीत दुखायला लागलं. वीज नव्हती. मी टॉर्च धरला, घरमालकीण वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवलं, १०८ ला फोन लागला तो चौथ्या प्रयत्नात. गाडी आली, आरोग्य केंद्रात ईसीजी काढला, पहिली औषधं दिली, बांबोळीला न्या म्हणाले. मी गाडीत मागे बसले. होंड्याच्या पुढे रस्त्यावर आडवा पडलेला माड. गाडी थांबली आणि आत आजोबांचा श्वास ऐकू येत होता, बाहेर नुसता पाऊस. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. पाच मिनिटं गेली असतील, आजूबाजूच्या घरांतून माणसं आली, कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या करवत, एकजण तर उघड्या अंगानं. कोण आहे, कुठलं आहे, कुणी विचारलं नाही. खोड तोडून बाजूला सारलं. बांबोळीला पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. आजोबा वाचले, आता काठी घेऊन देवळापर्यंत जातात. ती रात्र आठवली की मला दोन्ही आठवतं, तो खोळंबलेला वेळही आणि ते कोयतेही. पर्वरीत आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, आई, तुला अजून माहीत नाही.

आता त्या जागेबद्दल. बाबा, रागावू नका, पण ती जागा घेऊ नका.

मी शनिवारी संध्याकाळी जाऊन बघून आले. सुंदर आहे, खोटं बोलत नाही. व्हाळात आत्ता घोटाभर पाणी आहे, दगडांवर बसावंसं वाटतं. पण वरच्या बाजूला डोंगर कापलाय, तांबडी माती उघडी पडलीय, आणि काठावरच्या झाडांच्या बुंध्यांवर माझ्या कमरेइतक्या उंचीवर गाळाची रेघ आहे. पाणी तिथपर्यंत चढतं. २३ जुलै २०२१ चा पूर आठवा. त्या दिवशी सत्तरीत घरं गेली, पैकुळचा पूल वाहून गेला, डोंगरउतार खचले. तेव्हा आपण पर्वरीत टीव्हीवर बघत होतो. मागे डोंगर आणि पुढे व्हाळ असलं की चित्रात शोभतं, तिथं झोपायचं म्हणजे आषाढात कान उघडे ठेवून.

शिवाय कागद. सत्तरीतल्या जमिनींची गोष्ट आपल्या पर्वरीच्या बार्देश तालुक्यासारखी नाही. इथं मोकासो आहे, म्हणजे जुन्या राजवटीत इनाम दिलेल्या जमिनी, आल्वारा आहे, म्हणजे पोर्तुगीज काळी कसायला दिलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या माणूस कसतोय पण एक-चौदावर, म्हणजे हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, नाव दुसऱ्याचं किंवा सरकारचं, असं कितीतरी ठिकाणी. तुम्हाला जागा दाखवणारा माणूस "सगळं क्लिअर आहे" म्हणाला, पण एक-चौदाचा उतारा दाखवला का? घर बांधायला परवानगी असलेल्या सेटलमेंट झोनमध्ये आहे का? शेतजमीन बिगरशेती केल्याची सनद झालीय का? त्यात पश्चिम घाटातल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा जो मसुदा केंद्रानं ३१ जुलै २०२४ ला काढला, त्यात गोव्यातली १०८ गावं आहेत आणि त्यात सत्तरीतली पुष्कळ. तो अंतिम झाल्यावर कुठं काय बांधता येईल, हे बघावं लागेल. तुमच्या आयुष्याची कमाई म्हणजे तो एक फ्लॅट. तो विकून आलेले पैसे असल्या जागेत अडकले तर मी स्वतःला माफ करणार नाही.

बागेचं तुमचं स्वप्न मला माहीत आहे. सुपारी, केळी, चार माड, मिरीचे वेल. इथले शेतकरी काय म्हणतात ते सांगते. केळीचा घड धरला की खेती, म्हणजे माकडं, येतात, कोवळे नारळ पाडतात, रात्री गवे येऊन शेत तुडवतात. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्यासाठी ही रोजची लढाई आहे. २०२० च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, विषबाधेनं. म्हादईचं जंगल आणि माणसाचा गोठा इतके जवळ आहेत. आणि आता काजूच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीपासून मेपर्यंत, जंगलात पाचोळ्यावर बसायचं नाही, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. गोचिडीतून माकडताप होतो. सत्तरीत तो २०१५ मध्ये पालीत सुरू झाला आणि माणसं दगावलीसुद्धा. तुमची सकाळची फेरी रस्त्यावरूनच.

उन्हाळाही सांगून टाकते, लपवायचं नाही म्हणून. समुद्राचा वारा इथं पोचत नाही. आज दुपारी दोनला अंगण तव्यासारखं तापलं होतं.

आईला मात्र विचारायचा प्रश्न माशांचा आहे. हसू नकोस. तू माणूस बघून मासे घेतेस, कल्ले उघडून, बोटानं दाबून, आणि दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तुझी ठरलेली कोळीण आहे. इथं मासे येतात पण किनाऱ्यावरून येतात, येईपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, बांगडा बरा मिळतो, सुंगटां, म्हणजे कोळंबी, कधी बरी कधी नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असली की सुका बाजार, खारे बांगडे आणि नदीचे मासे. त्याऐवजी जे मिळतं ते तुला पर्वरीत कधी मिळालं नाही. श्रावणाच्या तोंडावर रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळमी (रानातली अळिंबी) पानात बांधून घेऊन बायका रस्त्याकडेला बसतात. महाग असतात, पण गेल्या वर्षी आमच्या वहिनींनी त्यांची भाजी वाटीभर आणून दिली, ओल्या नारळाचं वाटण घालून. मी एकटीनं खाल्ली आणि प्रत्येक घासाला तुझी आठवण काढली. फणस, भिरणां (कोकमं), अळसांदे (चवळी) तर विकत घ्यावेच लागत नाहीत, कुणीतरी दारात ठेवून जातं. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचा, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या रानफळांचा बाजार तू बघच. डोंगरावरून आणलेलं कांगलं, कवंडळ, घागऱ्या, आटकां, ज्यांची नावं तू मला लहानपणी शिकवलीस आणि म्हापशात दरवर्षी भाव ऐकून निम्मी सोडून दिलीस.

बाबांसाठी भजन आहे. आमच्या वाड्यावरच्या देवळात दर सोमवारी भजन असतं, अजून पोरंसोरंही टाळ घेऊन उभी राहतात. पखवाज वाजवणारा मुलगा माझाच विद्यार्थी, दहावीला आहे. पेटीवाले आजोबा थकलेत, कुणी तरी हवंय असं दोनदा म्हणाले. मी तुमचं नाव सांगून ठेवलंय, न विचारता.

तर माझं म्हणणं असं. फ्लॅट विकू नका. जागेचं बयाणं देऊ नका, दिलं असेल तर मला आजच कळवा. ३१ मेला शनिवार आहे, मी गाडी घेऊन येते, दोघांना इकडे आणते. माझी पुढची खोली तळमजल्यावरच आहे, एकही पायरी नाही, आईसाठी संडासात धरायला दांडा बसवून घेतलाय. मृग बघा, आषाढ बघा, वीज नसलेल्या रात्री बघा. चवथ २७ ऑगस्टला आहे, दादालाही पुण्याहून इकडेच बोलवू, गणपती यंदा इथं आणू. तोवर बाबांचा खोकला, आईचं मन आणि गुडघे, सगळं कळेल. मानवलं तर आरोग्य केंद्रापासून चालत जाता येईल असं, गावातलंच, भाड्याचं घर शोधू. मी दोन बघून ठेवलीत. नाही मानवलं तर पर्वरीची किल्ली आपल्याकडेच आहे, मग तिथं तळमजल्याचं काही जमतं का ते बघू. काही झालं तरी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आईला चढू द्यायचं नाही, हे मी ठरवलंय.

येताना औषधं तीन महिन्यांची घ्या, बाबांची फाइल आणि जुने ईसीजी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. लोकरीचं काही आणू नका, सुकत नाही. सुती साड्या जास्त घे, आई. आणि बाबा, तुमची पेटी पर्वरीलाच राहू दे, इथल्या ओलीत तिचे सूर उतरतील. देवळातली पेटी आहे, तिचा खालचा पंचम थोडा बसतो, बाकी चांगली आहे.

तुमची,
चिमू