रविवारच्या नाचाबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई, तू "बरंय, ठेव आता" म्हणालीस आणि बाबांनी फोन हातात घेतलाच नाही. तेव्हाच ओळखलं, माझ्या नाचाचा तो व्हिडिओ सेलूला पोचलाय. कुणी दाखवला ते विचारत नाही. तुम्हाला आधी माझ्या तोंडून कळायला हवं होतं, ते राहिलं. त्याबद्दल माफ करा. फोनवर हे नीट बोलून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

हो, ती मीच आहे. गेले आठ महिने दर रविवारी संध्याकाळी मी किझोंबा शिकते. जोडीनं करायचा नाच आहे. दोघं अगदी जवळ उभी असतात, आणि तुम्हाला तेच टोचलं असणार.

नाच आफ्रिकेतल्या अंगोला देशातला. तिथल्या किंबुंडू भाषेत किझोंबा म्हणजे सणसमारंभ, लोकांनी जमून केलेला आनंद. १९७५ साली तो देश पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला, आणि लगेच आपसातलं युद्ध पेटलं ते २००२ पर्यंत चाललं. त्याच धामधुमीत, ऐंशीच्या दशकात, लुआंडा शहरात हे संगीत उभं राहिलं. त्यांचं स्वतःचं जुनं सेंबा संगीत आणि कॅरिबियन बेटांवरून आलेलं झूक संगीत, दोन्ही त्यात मुरलंय. देश सोडून लिस्बनला गेलेल्या माणसांबरोबर नाचही गेला आणि तिथून जगभर पसरला. तिकडे लग्नकार्यात, घरच्या अंगणात काका-मावश्या, म्हातारी माणसं, पोरंसोरं सगळी हा नाच करतात. बाहेर लढाई चालू असताना माणसं घरात जमून नाचत होती, हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नव्हती.

पहिले दोन महिने आम्ही नुसतं चाललो. बाबा, खरंच. एका पायावर अंगाचा सगळा भार द्यायचा, तो पुरता बसला की मगच दुसरा पाय उचलायचा. गुडघे सैल. समोरचा माणूस हातानं ओढत नाही की ढकलत नाही. तो आधी स्वतःचा भार सरकवतो, आणि कुठल्या बाजूला निघालोय हे मला त्याच्या छातीवरून कळतं. त्याचा उजवा हात माझ्या पाठीवर, खवाट्याखाली. माझा डावा हात त्याच्या खांद्यावर. किती अंतर ठेवायचं ते मी ठरवते, आमच्या वर्गात तसा नियमच आहे. मी हात जरा ताठ केला की तो तिथंच थांबतो.

मला सगळ्यात जड गेलं ते थांबणं. पुढचं पाऊल कुठलं येणार याचा अंदाज बांधून मी आधीच निघायचे. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "अंदाज नको गं, येऊ दे." बाबांच्या ऑपरेशनपासून मला सगळ्याच्या दोन पावलं पुढं राहायची सवय लागलीय. औषधं, हप्ते, धाकट्याची फी. ते मी आनंदानं करते, तक्रार नाही. पण त्या दीड तासात पुढचं काही ठरवायचं नसतं, आणि सोमवारी कंपनीत गेले की खांदे हलके असतात.

एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. इथं प्रत्येक गाण्याला जोडीदार बदलतो. समोरचा हात पुढं करून विचारतो, मग आपण हो किंवा नको म्हणायचं. तिसऱ्या रविवारी माझे पाय दुखत होते. एकानं विचारलं, मी घाबरतच "नको" म्हणाले आणि कारण सांगायला तोंड उघडलं. तो "बरं" म्हणून हसला आणि निघूनही गेला. कारण ऐकायला थांबला नाही. मी भिंतीला टेकून अख्खं गाणं तशीच उभी राहिले. आई, कारण न देता "नको" म्हणून आपण आयुष्यात कितीदा सुटलोय, तू आणि मी?

पंचमीला तू फुगडी घालायचीस ते मला स्पष्ट आठवतं. हातांची अढी, पायाला पाय भिडवलेले, अंग मागं झोकलेलं, आणि अंबाडा सुटून केस पाठीवर. एकीचा हात सुटला तर दोघी पडणार. किझोंबात नेमकं याच्या उलट आहे. एकमेकांवर रेलायचं नाही, जोडीदारानं हात सोडला तरी आपण आपल्या पायांवर उभं राहिलं पाहिजे, हा तिथला पहिला धडा. पण समोरच्याचा भार अंगाला कळणं दोन्हीकडे तेच.

आणि बाबा, नाथषष्ठीला पैठणला तुम्हाला पावली खेळताना मी लहानपणापासून बघितलंय. गळ्यात टाळ, शेजारी कुठल्या गावचा कोण ते माहीत नाही, आणि पाय मात्र एकाच ठोक्याला. तुमच्या भक्तीशी मी याची बरोबरी करत नाही. पण शेजारच्याशी एक शब्दही न बोलता पाय जुळले की तुमच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, तेच त्या व्हिडिओत माझ्या चेहऱ्यावर आहे. एकदा परत बघा. हातांकडे नको, चेहऱ्याकडे बघा.

आईच्या मोतीबिंदूसाठी पुढच्या शनिवारी तुम्ही दोघं येताय ना? तपोवननं या, मी स्टेशनवर असेन. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, म्हणजे रविवार मोकळाच. वर्ग सहा ते साडेसात असतो, भिंतीला लागून खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथं बसून बघा. मधेच उठावंसं वाटलं तर मला नुसती खूण करा, कारण विचारणार नाही, लगेच घरी येऊ.

सोयाबीनला फुलं लागली का? येताना पीठ आणू नका, ज्वारी इथं भरून ठेवलीय.

तुमची,
ताई