उपकेंद्राच्या ओसरीवरील वर्गाबद्दल आमच्या सिस्टरना आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचे आशाताईंकडून कळले. निरोपाच्या कार्यक्रमाला पुण्याहून येणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते चारचौघांनी वाचावे असे मला मनापासून वाटते, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केले त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही. लसीची होते, लोहाच्या गोळ्यांची होते, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिले जाते. पण तपासणी आटोपल्यावर उपकेंद्राच्या ओसरीवर सतरंजी अंथरून तुम्ही आम्हा गरोदर बायकांना जे समजावून सांगत होता, त्यासाठी त्या कार्डावर रकाना नाही.

पहिल्या बाळंतपणासाठी मी माण तालुक्यातल्या माझ्या माहेरी आले, तेव्हा मला माहिती कमी होती असे नाही. मी शिक्षिका आहे, वाचायची सवय आहे, कोणत्या आठवड्यात बाळ केवढे झालेले असते हे फोनवर रोज दिसत होते. तरीही कळा सुरू झाल्यापासून रुग्णालयात जाईपर्यंतच्या काळात नेमके काय होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. घरातल्या जाणत्या बायकांना विचारले की एकच उत्तर मिळे, ‘सुरू झालं की कळतंच’. डॉक्टरांना विचारायची सोय नव्हती, कारण दर महिन्याच्या 9 तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला एवढी रांग असे की, प्रत्येकीच्या वाट्याला काही मिनिटेच येत. उरलेले प्रश्न घेऊन उपकेंद्रात या, असे त्या रांगेतल्या प्रत्येकीला तुम्ही आपणहून सांगत होता.

त्या ओसरीवर तुम्ही काढलेला लहान मुलाचा उंच गळ्याचा लोकरी स्वेटर मला अजून जसाच्या तसा आठवतो. स्वेटर म्हणजे गर्भपिशवी, त्याचा गळा म्हणजे तिचे तोंड आणि चेंडू म्हणजे बाळाचे डोके. त्यात तुम्ही एक रबरी चेंडू घातलात, गळा खाली धरलात आणि वरून चेंडू हळूहळू दाबत गेलात. आम्हाला वाटले, आता तो बाहेर येईल. पण आधी स्वेटरचा गळाच आखूड होऊ लागला, वर ओढला गेला, पातळ झाला आणि पार सपाट झाल्यावरच त्याचे तोंड उघडू लागले. ‘आधी ही उंची संपते, मग दार उघडतं. उंची संपत असताना बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच होत नाहीये. पण काम चालूच असतं,’ असे तुम्ही म्हणालात. पहिलटकरणीत हे दोन्ही बहुधा एकापाठोपाठ घडते आणि पुढच्या खेपांना बरोबरीने चालते, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलेत. कारण समोर बसलेल्यांपैकी दोघी दुसऱ्या वेळच्या होत्या आणि प्रत्येकीला आपल्यापुरते कळायला हवे, असा तुमचा आग्रह असे.

मग तुम्ही एकीच्या हातातली सव्वादोनची काचेची बांगडी मागून घेतलीत. तिची आतली रुंदी साडेपाच सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. गर्भपिशवीचे तोंड जवळजवळ एवढे उघडेपर्यंतचा काळ हा सुरुवातीचा काळ, तो कोणाचा काही तासांत संपतो तर कोणाचा दिवस-रात्र चालतो, आणि तो लांबला म्हणून बाईत किंवा बाळात खोट आहे असे मुळीच नाही, हे तुम्ही त्या बांगडीवर बोट फिरवत समजावलेत. पुढे बाळ थोडे मोठे झाल्यावर मी वाचले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींतही हेच सापडले: जोराच्या कळांचा टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरावा, त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक मुदत नाही आणि ही गोष्ट बाईला सांगितली गेली पाहिजे. तासाला एक सेंटिमीटर हा वर्षानुवर्षे चालत आलेला हिशेब सगळ्या बायकांना लागू पडत नाही, हेही त्यांत स्पष्ट लिहिले आहे. वाचताना मला तुमचा अभिमान वाटला, सिस्टर. त्या संघटनेच्या जिनिव्हाच्या मुख्यालयातून निघालेली ती गोष्ट आमच्या गावात एका काचेच्या बांगडीनिशी पोहोचली होती आणि ती तुम्ही पोहोचवली होती.

माझी वेळ आली ती संध्याकाळी. आधी कंबर भरून आली, मग कळ कंबरेकडून ओटीपोटाकडे सरकू लागली. आई घाबरली, काकू गाडी काढा म्हणाल्या. मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे प्रत्येक कळेची वेळ लिहायला घेतली. वीस मिनिटे, बारा मिनिटे, पुन्हा वीस, मग बराच वेळ काहीच नाही. खऱ्या कळा उठल्या-चालल्याने, अंघोळीने किंवा पडून राहिल्याने थांबत नाहीत, प्रत्येक कळ जास्त वेळ टिकू लागते, दोन कळांमधले अंतर कमी होत जाते आणि त्यांचा जोर वाढतो. तोवर खा, पी, डुलकी काढ, पुढे ताकद लागणार आहे, हे तुमचे सांगणे मला पाठ होते. मी गरम पाण्याने अंघोळ केली, तूप घालून मऊ भात खाल्ला आणि डाव्या कुशीवर आडवी झाले. कळा येताहेत आणि ही जेवते आहे, हे काकूंना पटणे अवघड होते. पण आईने तुमचे नाव घेतले आणि विषय तिथेच संपला. कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल पाजण्याचा बेतही तुमच्याच नावाने मागे पडला.

वाट पाहायला शिकवताना, वाट कधी पाहायची नाही हे तुम्ही त्याहून जास्त वेळा घोकून घेतले होते. पाणमोट फुटली, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्र असो वा पहाट, घड्याळ न बघता 108 ला फोन करायचा आणि निघायचे. पाण्याचा रंग हिरवट असेल तर तो जाताक्षणी सांगायचा. प्रत्येकीकडून हे म्हणवून घेतल्याशिवाय तुम्ही आम्हाला घरी जाऊ देत नसत. ऊसतोडीसाठी टोळीबरोबर निघालेल्या एका ताईंना थांबवून, कारखान्याजवळच्या केंद्रात हेच कार्ड दाखवून तपासणी होते आणि गोळ्या मिळतात, हे त्यांच्या नवऱ्यालाही बोलावून सांगताना मी तुम्हाला पाहिले आहे.

मध्यरात्रीनंतर कळा जवळ येऊ लागल्या आणि आम्ही तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात पोहोचलो. तिथे तपासणी झाली आणि ‘दोनच बोटं उघडलंय, इतक्यात कशाला आणलंत?’ असे माझ्याकडे न पाहताच माझ्या आईला ऐकवले गेले. पहिलटकरणीला अशा वाक्याने काय वाटते, हे तुमच्या वर्गात बसलेल्या एका दुसऱ्या वेळच्या बाईने सांगितले होते: तिला मागच्या खेपेला वाटले होते की, एवढे दुखूनही जर काहीच झालेले नसेल, तर पुढचे आपल्याच्याने होणार नाही. तुम्ही तिला मध्ये न तोडता बोलू दिले होते. तुमच्या त्या स्वेटरमुळे मला ठाऊक होते की, दोन बोटे म्हणजे काहीच नाही असे नव्हे. गळ्याची उंची संपून तोंड उघडू लागले आहे, काम झाले आहे. मी शांतपणे बाळाच्या ठोक्यांबद्दल विचारले, ते नीट आहेत याची खात्री करून घेतली, आणि आम्ही त्याच गावातल्या मावशीच्या घरी गेलो. ज्यांचे गाव लांब आहे त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी एखादे घर आधीच बोलून ठेवावे, म्हणजे फार लवकर दाखल होऊन खाटेवर खिळून राहावे लागत नाही आणि ऐनवेळी रस्त्यातही अडकायला होत नाही, हा सल्ला तुमचाच होता. सुरुवातीच्या कळांतच दाखल झालेल्या बायकांना कळा वाढवण्याचे औषध आणि शस्त्रक्रिया यांना सामोरे जाण्याची वेळ जास्त वेळा येते, म्हणून तुम्ही तो देत होता.

सकाळी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आई माझ्यासोबत आत आली. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई थांबू शकते, ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, असे केंद्र शासनाने 2016 मध्येच ठरवले आहे. ही गोष्ट आईला तुमच्याकडून कळली होती आणि तिने ती तिथल्या परिचारिकेला नम्रपणे सांगितली. तुम्ही आईला तळहाताच्या टाचेने कंबर कशी दाबायची, घोटभर पाणी कधी द्यायचे आणि ‘सहन कर’ हे शब्द का उच्चारायचे नाहीत, हे शिकवले होते. तिने ते शेवटपर्यंत पाळले. आपल्या बाळंतपणात असे कोणी जवळ नव्हते, हे तिने मला नंतर सांगितले. त्याविषयी ती पहिल्यांदाच बोलली.

माझे बाळंतपण शस्त्रक्रियेविना झाले, पण मी आभार त्यासाठी मानत नाही. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बाळाचे ठोके कमी होऊ लागले आणि तिचे सिझेरियन करावे लागले. सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा तो कशासाठी आहे हे मला समजत होते, असे ती सांगते, आणि तीही तुमचे नाव माझ्याइतक्याच मायेने घेते. आमच्यापैकी कोणाचे बाळंतपण कसे होईल याचा शब्द तुम्ही कधी दिला नाहीत, आणि ज्यांचे ठरवल्यासारखे झाले नाही त्यांना कमी लेखले नाहीत.

एक विनंती आहे. तुमच्या जागी आलेल्या सिस्टर नव्या आहेत आणि त्यांना हा वर्ग पुढे चालवायचा आहे, असे आशाताई म्हणाल्या. तुम्ही काय सांगत होता, कोणत्या क्रमाने सांगत होता आणि कोणत्या प्रश्नापाशी थांबत होता, हे सारे लिहून काढायला मी तयार आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी येणार आहे. तुम्हाला सवड असेल तो दिवस कळवा, मी वही घेऊन तुमच्या नव्या उपकेंद्रात येईन.

आपली कृतज्ञ,
तुमच्या वर्गातली एक आई