रक्तातील शिसे मोजणार कधी?

महोदय,

बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील फाउंड्री, वेल्डिंग आणि इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कामात शिसे, मँगनीज, क्रोमियम कामगारांच्या श्वासावाटे शरीरात जाऊ शकतात. तरीही आरोग्य तपासणी म्हणजे वजन, रक्तदाब आणि फार तर छातीचा एक्स-रे, अशीच समजूत रूढ आहे. शिशाची विषबाधा शासनाला कळवणे 1948 च्या कारखाने कायद्यानेच बंधनकारक केले होते, पण रक्त तपासल्याशिवाय ती उघडकीस येणार कशी? रक्तातील प्रमाण प्रामुख्याने अलीकडच्या काही आठवड्यांचा संपर्क दाखवते, हाडांत मात्र शिसे वर्षानुवर्षे साचून राहते. म्हणून कंत्राटी कामगारांसह सर्वांच्या रक्तातील शिशाची मोजणी ठरावीक अंतराने, कामाच्या जागेतील हवेच्या नमुन्यांसोबत व्हावी. अहवालही कामगाराच्या हाती, कन्नडबरोबर मराठीतून द्यावा.

— एक वाचक, अनगोळ, बेळगाव