ड्रॉइंगच्या सरांना, चोरलच्या मेफ्लायबद्दल

आदरणीय सर,
शि. सा. नमस्कार.

चोरल नदीत सापडलेल्या मेफ्लाय या किड्याच्या नव्या जातीवरचा पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं. त्यातल्या आभाराच्या परिच्छेदात तुमच्या वाट्याला एक ओळ आली आहे आणि तीही ‘रेखाटनांसाठी’ म्हणून संपते. तिथे जागाच तेवढी असते, म्हणून हे उघडं पत्र लिहितेय. तुमचं नाव घालत नाही. रामबागेत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. किड्याचं नावही लिहीत नाही, कारण रीतसर वर्णन छापून येण्याआधी नाव बाहेर फुटलं, तर नामकरणाच्या नियमांत त्याला काही किंमत नसते.

हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं. महूच्या पुढे पातालपाणीला चोरल नदी खाली कोसळते आणि मग बेसॉल्टच्या काळ्या दगडांतून वाट काढत नर्मदेकडे जाते. पावसाळा ओसरला, पाणी निवळलं, की तिथला एखादा दगड उलटून बघावा. खालच्या ओल्या बाजूला जेमतेम पाच मिलिमीटरचे, शेपटीला बारीक तंतू असलेले जीव इकडून तिकडे पळतात. ती मेफ्लायची पिल्लं, म्हणजे निम्फ. मेफ्लाय म्हटलं की एका दिवसाचं आयुष्य एवढंच लोकांना ठाऊक असतं. ते पंख फुटल्यानंतरचं. त्याआधीचे आठवडे, काही जातींत महिने, पाण्याखाली जातात. पंख फुटल्यावर तोंड निकामी असतं, खाणं बंद. आणि पंख आल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांतला आज हा एकटाच गट.

आमचा किडा बेटिडी कुळातला. या कुळातल्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. निम्फचं तोंड सुटं करायचं, वरचा ओठ, दोन्ही जबडे, खालचा ओठ वेगवेगळे काढून कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकात स्लाइडवर बसवायचे आणि मग केसांच्या रांगा, नखीवरचे दात, पोटाच्या वळ्यांच्या कडेचे काटे बघत बसायचं. डावा आणि उजवा जबडा एकसारखे नसतात, म्हणून दोन्ही काढावे लागतात. डीएनएचं काम त्या मानानं सरळ होतं. ते बाहेरून करून घेतलं, आणि निम्फ व पंखवाला नर एकाच जातीचे आहेत हे त्यावरून पक्कं झालं. पण नुसत्या डीएनएवर जातीचं वर्णन उभं राहत नाही. दुसऱ्या कोणाला दुसऱ्या नदीत तोच किडा सापडला, तर त्यानं काय बघून ओळखायचा? तिथे चित्र लागतं.

मी आधी फोटोंवर भागवायच्या विचारात होते. सूक्ष्मदर्शकातला कॅमेरा एका वेळी एकच पातळ थर स्पष्ट दाखवतो. थरावर थर चढवून फोटो जोडता येतात, पण मग अवयवाबरोबर कचरा, बुडबुडा, दुमडलेली कातडी, सगळंच त्याच ठसठशीतपणे उमटतं. केस कुठला आणि चीर कुठली, हे कोणीतरी ठरवावंच लागतं.

तुम्ही इंदूरच्या देवळालीकरांच्या कलाशाळेत शिकलेले. बेंद्रे आणि हुसेन ज्या परंपरेतून पुढे गेले तिथले, आणि नंतर आयुष्यभर आम्हा पोरांना सुरई नि केळी काढायला लावलेले. कीटक काढाल का, असं विचारायला आले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “पहिले दाखव तर खरं.” मग सिटी बसनं आमच्या विभागात येऊ लागलात. कॅमेरा ल्युसिडाशी तुमची पहिल्याच आठवड्यात दोस्ती झाली. त्यात प्रिझममुळे स्लाइडवरचा अवयव आणि कागदावरचा आपला हात एकमेकांवर दिसतात, पण दोन्हीकडचा उजेड सारखा नसेल तर दोन्हींपैकी एक गायब होतं. आम्ही सगळे त्या दिव्याशी झगडायचो. तुम्ही टेबललॅम्पवर बटर पेपरचा तुकडा लावलात आणि प्रश्न मिटवलात.

खालच्या ओठाच्या चित्रावरून आपला वाद झाला होता, आठवतं? या शास्त्रात त्याचा डावा अर्धा भाग एका बाजूनं आणि उजवा दुसऱ्या बाजूनं बघून एकाच चित्रात काढतात, जागा वाचते म्हणून. “अर्धं पोट नि अर्धी पाठ? हे कुठलं ड्रॉइंग!” काढलंत मात्र असं की मधली रेघ कुठे बदलते ते कळूही नये. नराचे वरचे डोळे बघून मात्र खूश झालात. होळकरी पगडी घालून बसलाय, म्हणालात. मी पेपरमध्ये ‘टर्बिनेट’, म्हणजे भोवऱ्यासारखे, असं लिहिलं, काय करणार.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. आमच्या जातीला जवळची जी आधीची जात, तिचेही नमुने काढायचे होते. दोघींत काय फरक अपेक्षित आहे हे मी सांगू लागले, तर तुम्ही हात वर केलात. “मला सांगू नको. कुठली स्लाइड कोणाची तेही सांगू नको. दिसेल ते काढतो.” मी चिठ्ठ्यांवर फक्त आकडे घातले. चित्रं पुरी झाल्यावर ती टेबलावर पसरून तुम्ही दोन ढीग केलेत, आणि ते बरोबर होते. सातव्या कल्ल्यावर बोट ठेवून म्हणालात, “हा बघ, एकात गोलसर आहे, दुसऱ्यात निमुळता होत गेलाय.” माझं सगळं लक्ष तोंडाच्या केसांवर होतं. तो कल्ला आता निदानाच्या परिच्छेदात आहे, म्हणजे ही जात इतरांपासून वेगळी कशी हे जिथे मोजक्या वाक्यांत सांगतात तिथे.

नखीवरचे टोकाकडचे दात तुम्ही तुटक रेघेनं दाखवलेत, कारण ते तुम्हाला नीट दिसेनात. परीक्षकांपैकी एकानं विचारलं की रेघ तुटक का. मी दुसऱ्या निम्फची नखी बसवली, ती तुम्ही पुन्हा काढलीत, तेव्हा कुठे रेघ सलग झाली. अंदाजानं भरून टाकणं किती सोपं होतं! ठिपक्यांची छटा देताना तर चित्र छपाईत लहान होणार म्हणून कुठले ठिपके विरळ ठेवायचे हे तुम्ही आधीच धरून चाललात. त्या वेळी मला ती चित्रं ओकीबोकी वाटली होती. आता पानाच्या आकारात बघितली तर बरोब्बर आहेत.

डच स्वामरडॅमनं 1675 मध्ये मेफ्लायच्या आतल्या रचनेची चित्रं छापली, ती मी तुम्हाला फोनवर दाखवली होती. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ ईटननं 1883 ते 1888 या काळात काढलेल्या मोठ्या ग्रंथातली चित्रपानं आम्ही आजही उघडतो. त्या वेळची नावं बदलली, कुळं फुटली, चित्रं चालूच आहेत. तुमच्या प्लेट्स उद्या कोणी उघडेल तेव्हा माझं लिखाण कदाचित जुनं झालेलं असेल.

पैसे घेतले नाहीत, रोट्रिंगच्या निबांचे तेवढे घेतलेत. जातीला तुमचं नाव द्यायचा विषय काढला तर काकूंनी पोह्यांवर जीरावण भुरभुरता भुरभुरता, “किड्याला ह्यांचं नाव? राहू दे गं बाई,” म्हणून तो निकालात काढला. होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याला जातीचं नाव बांधलेलं असतं तो, आता भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे जाईल. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं नव्या जातीचा नमुना ठरलेल्या भांडारात ठेवावा लागतो. मूळ चित्रं मात्र तिकडे पाठवायची नाहीत, ती तुमची. मोठी सपाट फाइल आणलीय, शनिवारी घेऊन येते.

आणि सर, दिवाळीनंतर चोरलचं पाणी उतरलं की सीनिडी या मेफ्लायच्याच दुसऱ्या कुळातली निम्फं काढायची आहेत. ती याहूनही लहान असतात. तेवढा चष्म्याचा नंबर तपासून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी,
इंदूर