कुणाच्या वाटेला न जाणारा लघुग्रह

महोदय,

लघुग्रहांची बातमी ठरलेली असते : 'पृथ्वीच्या जवळून गेला'. गेला तो गेला! पण मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रह-पट्ट्यात, त्याच्या बाहेरच्या कडेकडे निमूटपणे फिरणाऱ्या 'हायजिया'वर कधी दोन ओळी छापून येत नाहीत. व्यास सुमारे ४३० किलोमीटर, पट्ट्यात आकाराने चौथा. मात्र रंगाने कोळशासारखा काळा, म्हणून त्याच्याहून लहान पण उजळ लघुग्रह आधी सापडले आणि हा १८४९ मध्ये, नेपल्सचे खगोलशास्त्रज्ञ दे गास्पारिस यांना.

खरी गंमत २०१९ मधली. चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'मधून तो जवळजवळ गोल दिसला. त्याच्या कुळातले हजारो तुकडे एका टकरीतून सुटलेले, तेव्हा अंगावर प्रचंड खड्डा असणार असा अंदाज होता. तो सापडलाच नाही. संगणकीय प्रारूपांनुसार सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या धडकेत मूळ गोळा पार फुटला आणि बराचसा ढिगारा पुन्हा एकत्र येऊन आजचा हायजिया घडला. गोल आकारामुळे त्याला प्लूटोसारखा बटुग्रह म्हणावे का, ही चर्चाही तेव्हाच सुरू झाली. विज्ञानाच्या पानावर यालाही एखादा रकाना मिळावा, ही विनंती.

– एक आकाशनिरीक्षक