लष्करी तळावर आर.व्ही.चा मुक्काम: आधी फाटकाचे कागद, मग गाडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या गप्पांत हल्ली आर.व्ही.चा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, विषय हटकून निघतो. जावई किंवा सून तिथल्या सैन्यात असेल तर कोणीतरी सांगतेच, 'लष्कराची स्वतःची कॅम्पग्राउंड्स असतात, निम्म्या पैशात भागते.' सांगणारा खोटे बोलत नाही. पण तो फक्त भाड्याचे सांगतो, फाटकाचे सांगत नाही. ग्रीन कार्डधारकाला अमेरिकी सैन्यात भरती होता येते. २००९ पासून काही वर्षे 'मावनी' योजनेखाली व्हिसावरच्या डॉक्टर-परिचारिकांना आणि लष्कराला हव्या असलेल्या भाषा जाणणाऱ्यांनाही ती मुभा होती. त्यामुळे हा प्रश्न आता काही मराठी घरांतही येतो, म्हणून हे पत्र.

हवाई दल या जागांना 'फॅमकॅम्प' म्हणते, भूदल आणि नौदल बहुधा सरळ 'आर.व्ही. पार्क' म्हणतात. चालवतो तो तळाचा एम.डब्ल्यू.आर. विभाग, म्हणजे सैनिकांच्या मनोरंजन-कल्याणाचे खाते. नफा कमवायचा नसतो, पण या सोयींनी आपला खर्च आपल्या भाड्यातूनच भागवायचा असतो. म्हणून भाडे खासगी पार्कपेक्षा कमी असले तरी फुकट काही नसते. टक्सनच्या डेव्हिस-मॉन्थन तळावरचा अगावे गल्च, लास व्हेगासजवळच्या नेलिस तळाचा डेझर्ट ईगल, टँपाच्या मॅकडिल तळावरचा रकून क्रीक, सॅन अँटोनिओचा फोर्ट सॅम ह्यूस्टन ही बारमाही फिरणाऱ्यांच्या तोंडी असलेली नावे. शेजारी धावपट्टी असली की सकाळी जेटच्या आवाजाने भांडी थरथरतात. त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही.

हक्क कोणाला? सेवेतले सैनिक, निवृत्त सैनिक, नॅशनल गार्ड आणि राखीव दलाचे लोक, त्यांचे अवलंबित कुटुंबीय आणि बऱ्याच ठिकाणी संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारी. १ जानेवारी २०२० पासून यात मोठी भर पडली. सेवेमुळे अपंगत्व आल्याची नोंद असलेले सर्व माजी सैनिक (पूर्वी शंभर टक्के अपंगत्वाची अट होती), पर्पल हार्ट, म्हणजे युद्धात जखमी झालेल्यांचे पदक, मिळालेले, युद्धकैदी राहिलेले आणि त्यांची नोंदणीकृत देखभाल करणारे यांनाही दार उघडले. मात्र माजी सैनिक खात्याच्या आरोग्य ओळखपत्रावर 'सर्व्हिस कनेक्टेड', 'पर्पल हार्ट' किंवा 'फॉर्मर पी.ओ.डब्ल्यू.' हे शब्द छापलेले हवेत. नुसते 'व्हेटरन' असलेले कार्ड फाटकावर चालत नाही. चार वर्षे नोकरी करून बाहेर पडलेला, अपंगत्वाची नोंद नसलेला माणूस या यादीत येत नाही. इथेच बऱ्याच जणांची गफलत होते.

दुसरी गफलत आईवडिलांची. सैनिकाचे आईवडील आपोआप 'अवलंबित' ठरत नाहीत. त्यांच्या निम्म्याहून अधिक खर्चाचा भार सैनिक उचलतो हे कागदोपत्री सिद्ध करून मंजुरी घ्यावी लागते. सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर आलेले आईवडील तळाच्या दृष्टीने पाहुणे असतात, आणि तेही परदेशी पाहुणे. हा शब्द मनाला लागतो, पण फाटकावरचा शिपाई नाती पाहत नाही, पासपोर्टचे मुखपृष्ठ पाहतो.

अमेरिकी पाहुण्यांसाठी पुष्कळ तळांवर अशी सोय असते की ओळखपत्रधारक आपल्या गाडीतल्या लोकांची हमी देतो आणि सगळे एकदम आत जातात. ही सवलत परदेशी नागरिकांना सहसा लागू नसते, आणि आरोग्य ओळखपत्रावर येणाऱ्या माजी सैनिकाला दुसऱ्याची हमी देण्याचा अधिकारही बहुतेक ठिकाणी नसतो. भारतीय पासपोर्टवाल्यासाठी यजमान सैनिकाने व्हिजिटर सेंटरकडे, म्हणजे तळाच्या पास देणाऱ्या कार्यालयाकडे, आगाऊ अर्ज करायचा असतो. पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, आय-९४ या अमेरिका-प्रवेशाच्या नोंदीची छापील प्रत, भारतातला आणि अमेरिकेतला पत्ता, येण्याजाण्याच्या तारखा, गाडीचा नंबर. कुठे आठवडा पुरतो, कुठे महिना लागतो, कुठे सरळ नकार मिळतो. निर्णय तळाच्या कमांडरचा, त्यामुळे एका तळावर मिळालेला पास दुसऱ्या तळावर दाखवून उपयोग नाही. परवानगी मिळाली तरी बहुधा 'यजमानाने सतत सोबत असावे' ही अट असते. म्हणजे मुलगा ड्युटीवर गेला असताना बाबांनी तळावर एकट्याने फेरफटका मारणे अटीचा भंग ठरू शकते.

बेत फसतो तो असा. आरक्षणाच्या संकेतस्थळावर 'प्रौढ: ४' असे भरले की कार्डातून पैसे कापले जातात आणि पक्के झाल्याची मेल येते. ते संकेतस्थळ कोणाचेही नागरिकत्व तपासत नाही. कॅम्पग्राउंडचे कार्यालय आणि फाटकाची सुरक्षा ही दोन वेगळी खाती आहेत, एकाचा 'हो' दुसऱ्याला बांधील नसतो. मग शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, व्हिजिटर सेंटर बंद होण्याच्या सुमारास, चाळीस फुटी गाडी फाटकापाशी आणि आईबाबा शेजारच्या मोटेलच्या शोधात. म्हणून आधी व्हिजिटर सेंटरला फोन करावा, लेखी उत्तर घ्यावे आणि त्यानंतरच आरक्षण करावे. उलट क्रमाने गेलात तर रद्द करण्याचे शुल्क आपल्या माथी.

यावर एक चांगला उतारा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. काही लष्करी विश्रामस्थळे मुख्य तळाच्या कुंपणाबाहेर, भलत्याच गावी असतात. ॲरिझोनातल्या ल्यूक तळाचे फोर्ट टटहिल फ्लॅगस्टाफजवळ सुमारे सात हजार फुटांवर, पाइनच्या रानात आहे. खाली फिनिक्स भाजून निघत असताना तिथे रात्री पांघरूण लागते, आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा तिथून दीडेक तासावर. अलास्कातले सुअर्ड मिलिटरी रिसॉर्ट, अलाबामातले मॅक्सवेल तळाचे लेक मार्टिन हीदेखील तशीच. हक्काचे ओळखपत्र तिथेही दाखवावे लागते, पण लढाऊ तळाच्या फाटकासारखी तपासणी नसल्याने परदेशी पाहुण्यांचे काम बरेच सोपे होते. आईवडील सोबत असतील त्या पंधरवड्यात अशाच जागा निवडाव्यात. तरी आधी फोन हवाच.

आता गाडीचे. तळाला तीन-चार फाटके असतात आणि आर.व्ही. प्रत्येकातून जात नाही. बहुधा मालवाहू गाड्यांचे फाटक वापरावे लागते, आणि त्याच्या वेळा वेगळ्या असतात, शनिवार-रविवारी ते बंदही असते. गाडीचा वेग कमी व्हावा म्हणून फाटकापुढे काँक्रीटचे अडथळे नागमोडी मांडलेले असतात. मागे मोटार जोडलेली असेल तर तिथे रिव्हर्स घेता येत नाही, मोटार सोडवून वेगळी काढावी लागते आणि मागे रांग लागते. 'आर.व्ही. कोणत्या फाटकातून, किती वाजेपर्यंत' हे फोनवरच विचारून कागदावर लिहून ठेवावे, कारण जी.पी.एस. जवळच्या फाटकाकडे नेते, योग्य फाटकाकडे नाही. त्यात नावांचा घोळ. फोर्ट हूडचे २०२३ मध्ये फोर्ट कवाझोस झाले आणि २०२५ मध्ये पुन्हा हूड. बेनिंगचे मूर होऊन परत बेनिंग, ब्रॅगचे लिबर्टी होऊन परत ब्रॅग. जुन्या नकाशात एक नाव, पाटीवर दुसरे. लायसन्स, गाडीची नोंदणी, विमा आणि कुत्रा असेल तर रेबीजच्या लसीचा दाखला ड्रायव्हरच्या हाताशी असावा, मागच्या कपाटात नव्हे.

शस्त्राबाबत हयगय नको. अमेरिकेत कायम रस्त्यावर राहणारे पुष्कळ लोक गाडीत पिस्तूल बाळगतात. राज्याचा परवाना तळाच्या हद्दीत चालत नाही. फाटकावर आपण होऊन सांगायचे, नोंद करायची किंवा शस्त्रागारात जमा करायचे, आणि नियम आधी विचारून घ्यायचे. गांजाचेही तसेच. कॅलिफोर्निया किंवा कोलोरॅडोत दुकानातून रीतसर घेतलेली पुडी तळावर केंद्रीय कायद्याने गुन्हाच ठरते. ड्रोन उडवायचा नाही, फाटकाचे आणि विमानांचे फोटो काढायचे नाहीत, गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही.

जागेवर पोचल्यावर पहिले काम विजेच्या खांबाचे. जुन्या तळांवर ३० अँपिअरचे सॉकेट खूप आहेत. १२० व्होल्टने हिशेब केला तर एकूण ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरच्या सॉकेटात दोन फेज असल्याने तोच आकडा १२,००० होतो. दिसायला वीस अँपिअरचा फरक, प्रत्यक्षात तिपटीहून जास्त. छतावरचा एक ए.सी. १३ ते १५ अँपिअर खातो, पाण्याचा विजेवरचा हीटर १२, मायक्रोवेव्ह १२-१३, इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरात १५. ए.सी. आणि हीटर चालू असताना कोणी चहाचे पातेले इंडक्शनवर ठेवले की ब्रेकर पडलाच. हीटर गॅसवर टाकावा, कुकर गॅसच्या शेगडीवर लावावा, इलेक्ट्रिक कुकर लावायचाच तर तेवढ्यापुरता ए.सी. बंद. भारतातून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे चटणी वाटत नाही, नुसता कण्हतो.

ब्रेकरपेक्षा घातक म्हणजे व्होल्टेज उतरणे. भर दुपारी सगळ्या गाड्यांचे ए.सी. एकदम सुरू झाले की जुन्या तारांवरचा दाब १२० वरून ११० च्या खाली येतो. ए.सी.चा कॉम्प्रेसर त्या दाबाला जास्त करंट ओढतो, तापतो आणि जळतो. म्हणून खांब आणि गाडी यांच्यामध्ये दाबाची अचानक उसळी अडवणारा नुसता सर्ज प्रोटेक्टर नव्हे, तर दाब १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेला की वीज तोडणारे ई.एम.एस. उपकरण लावावे. ते तीन-चारशे डॉलरला पडते, पण जळालेला ए.सी. याहून महाग. आधी खांबावरचा ब्रेकर बंद करायचा, मग प्लग लावायचा, मग ब्रेकर चालू. निघताना उलट क्रम.

पाण्याच्या नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, मग पिण्याच्या पाण्याचा पांढरा किंवा निळा पाइप. रेग्युलेटर ४५-५० पी.एस.आय.च्या आसपास ठेवावा, नाहीतर सिंकखालचे प्लास्टिकचे जोड सुटतात आणि गाडीची जमीन भिजते. सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, मोरी-सिंकची करडी आणि संडासाची काळी. मैल्याची झडप कायम उघडी ठेवण्याची चूक नवखे लोक हमखास करतात. द्रव वाहून जातो, घट्ट भाग तळाशी बसून त्याचा ढीग वाळतो आणि मग कोणत्याही पावडरीने तो हलत नाही. झडप बंदच ठेवावी, टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी काळी रिकामी करावी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. आपल्या स्वयंपाकाचे एक वेगळे दुखणे आहे. फोडणीचे तेल आणि डाळीचा गाळ करड्या टाकीच्या भिंतींना आणि सेन्सरला चिकटतो, टाकी रिकामी असूनही काटा 'भरली' दाखवतो, आणि वास येतो तो वेगळाच. कढई आधी कागदाने पुसून घ्यावी, मगच सिंकमध्ये धुवावी.

मुक्कामाच्या मुदती ठिकठिकाणी वेगळ्या आहेत. कुठे चौदा दिवस, कुठे महिना, कमी मागणीच्या जागी त्याहून जास्त. बदलीच्या हुकमावर आलेल्या सेवेतल्या कुटुंबाला अग्रक्रम असतो, आणि तो योग्यच आहे. फ्लॉरिडा-ॲरिझोनात नोव्हेंबर ते मार्च निवृत्तांची गर्दी उसळते. फुल हुकअपची, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली, जागा मिळेपर्यंत नळ-वीज नसलेल्या मोकळ्या मैदानात थांबावे लागते. फ्लॉरिडातल्या की वेस्ट नौदल तळाच्या सिग्सबी पार्कमध्ये अशा पाळीने जागा मिळण्याची पद्धत जुनी आहे. तिथे गाडीच्या बॅटरीवर भागवावे लागते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचे १०० अँपिअर-तास असले तरी निम्मेच वापरावेत, आणि थंडीत गाडी उबदार ठेवणाऱ्या भट्टीचा पंखाच रात्रभरात ते संपवतो. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. तळ रिकामा करण्याचा हुकूम आला की निघावेच लागते, म्हणून टायरची हवा आणि निम्मी टाकी डिझेल कायम तयार. १० ऑक्टोबर २०१८ च्या मायकेल वादळाने फ्लॉरिडातल्या टिंडल तळाची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिले आहे.

कमिसरी, म्हणजे तळावरचे किराणा दुकान, बाहेरच्यापेक्षा स्वस्त. बिलावर ५ टक्के अधिभार लागतो तो धरूनही. पण खरेदीचा हक्क ओळखपत्रधारकाचाच. पाहुण्याने आपल्या पैशाने आपल्यासाठी सामान भरणे नियमात बसत नाही.

तळाची सुरक्षा-पातळी फाटकावर लिहिलेली असते: नॉर्मल, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. ती चढली की पाहुण्यांचे पास रातोरात थांबू शकतात. कुठेतरी काही घडल्याची बातमी आली तर निघण्याआधी पुन्हा फोन करावा. आणि भूदल-हवाई दलाच्या बहुतेक तळांवर संध्याकाळी पाचच्या सुमारास, नौदलाच्या तळांवर सकाळी आठला आणि सूर्यास्ताला भोंग्यावर बिगूल आणि राष्ट्रगीत वाजते. त्या वेळी रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबतात. आर.व्ही.बाहेर खुर्च्या टाकून चहा घेत बसलेल्यांनीही कप खाली ठेवून, ध्वजाकडे किंवा आवाजाच्या दिशेने तोंड करून, गीत संपेपर्यंत उभे राहायचे.

आपले,
दोन नियमित वाचक
सॅन अँटोनिओ, टेक्सास